सुखशय्या चटई क्रीडासंकुल

अक्षरं ट्रकातून आली, सुटी सुटी.
'सु' आधी उतरवला, 'ख' मागाहून,
शय्येचं जोडाक्षर कमानीत मावेना
म्हणून वेल्डरनं 'य'चा पाय कापला थोडा.
गिरणेच्या पुलापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी,
जिथं मी पंधराशे मीटर पळायचे अनवाणी,
त्या जागेला आता नऊ वर्षं
निजायच्या वस्तूचं नाव.

मी एमआयडीसीत, तिसऱ्या शेडमध्ये
त्याच चटयांचे काठ शिवते.
दिवसाला एकशेवीस.
म्हणजे कमानीवरचा एखादा काना तरी
माझ्या टाक्यांचा असेल,
असा हिशोब मी बसमध्ये केला
आणि कुणाला सांगितला नाही.

उद्घाटनाला आम्हाला भरपगारी सुटी, टोपी, बुंदीचं पाकीट
आणि पायऱ्यांवर बसायला आमच्याच चटया.
उलटी करून पाहिली. माझीच शिवण,
कोपऱ्यात मी दोरा दुहेरी घेते.
कुलसचिव माइकवर 'सुखसंध्या' म्हणाले,
शेठजी हसले,
ते पुन्हा म्हणाले, पुन्हा चुकले.
आम्ही टाळ्या वाजवल्या, दोन्ही वेळेला.

खरं तर नाव कधी नव्हतंच.
आम्ही खळं म्हणायचो.
ज्वारी मळायचे म्हणे तिथं, विद्यापीठाच्या आधी.
माझ्या प्रमाणपत्रावर नुसतं 'मैदान क्र. २' आहे,
खाली वेळ, आणि वेळेवर वाळवीचं एक भोक.

भाषणं चालू असताना खाली उखाबा
डबा हलवत फक्की मारत होता.
त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.
हरलेल्या पोरींना तो एकेकटीला गाठून सांगायचा,
'चारशे नही, चारशे दोन शे. कडुनिंबनी मुळी आडवी ई जास.
सांगू नको कोणले.'
मला त्यानं तीनदा सांगितलंय.

उखा म्हणजे उकिरडा.
त्याच्या आधीची दोन गेली,
म्हणून हा जगावा तर नाव असं ठेवावं
की मरणानं नाक मुरडून पुढच्या दारी जावं.
गेलं ते. सत्तरी आली त्याची.

सगळे पांगल्यावर मी खाली गेले.
कमानीकडे बोट केलं, म्हटलं, उखाबा, विकलं बघा खळं.
त्यानं हात कपाळावर धरून वर पाहिलं,
वाचता येतं त्याला, पण सावकाश.
'श' पर्यंत पोचला आणि सोडून दिलं.

'माले बी इकं व्हतं मायनी,' म्हणाला.
'शेजारनीले. सूपभर कोंडामा.
सांजले परत लई उनी.'

नऊ वर्षांनी मी शेहेचाळीस.
कोंडा कुठं मिळतो आता, कोण जाणे.

तो वळणाकडे निघाला, डबा ठोकत,
कडुनिंबापाशी रेघ नेहमीसारखी
जराशी बाहेर गेली.