चौथ्या भिडूसाठी एक पान

इसोगाईची बदली झाली चिबाला
आणि गुरुवारचं टेबल तीन पायांवर आलं.
रुवैसच्या कॅम्पात, बी ब्लॉकच्या मेसमध्ये
कुवाबारा, मनिलाचा रोडेल, आणि मी,
दिवसा रिफायनरीचे जपानी कागद इंग्रजीत नेणारा:
व्हॉल्व्ह, गॅस्केट, घट्ट आवळावे, सैल सोडू नये.
चौथा मिळाला इजिप्तचा, हातेम, सेफ्टीतला.
त्याला जपानी येत नाही. कुवाबारा म्हणाला,
"एक पान कर. डावीकडे आमचे शब्द, उजवीकडे इंग्रजी.
एकच. कपाखाली राहील एवढं."

पैसे लावायचे नाहीत, इथला कायदा.
हरेल त्याने कप विसळायचे.

हाई म्हणजे टाइल. लिहिलं, आणि लगेच डोळ्यांपुढे
न्हाणीघर, सिमेंट, ओळंबा.
सोंगटी म्हटलं असतं, पण हा रकाना आपला नाही.
पोन सोपं. रोडेल आईच्या मांडीवर बसून पोंग म्हणायला शिकला,
तिथे मला काही कामच नव्हतं.

नाकी. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी मागून घेणं.
कुवाबारा म्हणाला, पक्षी करतात ते, मांजर करतं, रातकिडा करतो.
माणसाचं रडणंही तेच, अक्षर वेगळं,
कानाला फरक नाही.
मी लिहिलं: कॉल.
कॅम्पात सगळ्यालाच कॉल म्हणतात.

तेनपाई: रेडी. खरं तर रेडी नाही,
एकीवाचून खोळंबलेला.
रीची: हजाराची काडी पुढे ठेवायची, मोठ्याने सांगायचं,
मग हातातलं काही बदलायचं नाही,
येईल ते, आपलं नसलं तर, टाकत जायचं.
रोडेल खांद्यावरून वाचत होता. हसला:
"पासपोर्ट ऑफिसात जमा."
ते मी लिहिलं नाही. हातेमला तेवढ्यानेच कळलं असतं.

फुरीतेनपाशी रात्रीचा दीड वाजला.
टाकलेल्या सोंगट्यांच्या रांगांना ते नदी म्हणतात.
जी तू स्वतः नदीत सोडलीस
तीच पुढे तुला हवी झाली,
तर दुसऱ्याच्या हातून ती घेऊन जिंकता येत नाही.
आई म्हणायची, थुंकलेलं चाटू नये.
इंग्रजीत हे चालत नाही, आणि पुरतही नाही,
कारण नियमाला एक फट आहे:
भिंतीतून तुझ्याच हाताने उचललीस
तर तुझी.

कराडच्या छापखान्यातला माझा अर्धा वाटा
मी सही करून सोडला, निघायच्या आदल्या दिवशी.
यंदा मार्चमध्ये विश्रामदादाचा फोन आला,
"ये परत. तुझं तुला देतो."
बघू, म्हणालो.
पलीकडे कागद कापायचं यंत्र पुन्हा सुरू झालं.
माझ्यासाठी त्याने ते थांबवलं होतं, हे तेव्हा कळलं.

फुरीतेनपुढची जागा रिकामी ठेवली.

शेवटची ओळ, हाइतेई राओयुए.
भिंत संपत आलेली, उरलेली अगदी शेवटची सोंगटी,
आणि नेमकी तीच हवी असते.
शब्दशः: समुद्राच्या तळातून चंद्र उपसणे.
मी लिहिलं, लास्ट टाइल. खोडलं.
बाहेर जेटीपाशी ड्रेजर चालू होता,
रात्रपाळीचा, आखाताचा गाळ ओढत
जहाजांना खोली करून देत.
वर अर्धा चंद्र, धुळीने पिवळा,
त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.
मग शब्दशः तेच लिहिलं. दोन ओळी जास्त लागल्या,
अक्षर बारीक करावं लागलं.

गुरुवारी हातेमने पान वाचलं, बोट ठेवत,
सवयीने उजवा रकाना आधी.
रिकाम्या जागी थांबला. "इथे?"
"सांगेन. खेळताना."
मग चंद्रापाशी आला. दोनदा वाचलं.
"हे जमलं तर किती मिळतात?"
"एक हान," कुवाबारा म्हणाला.
"एवढं उपसून एक?"
"एक."
आणि त्याने भिंत रचायला घेतली.