लांबी सतरा पूर्णांक चार

पारशिवनीच्या पुढे, कालव्याचा पूल ओलांडला
की सुरू होतो हा राज्यमार्ग.
नावच तेवढं मोठं.
समोरासमोर आल्या दोन बंड्या
तर एकीनं मोहाखाली उतरून उभं राहायचं.

दिवसाला एक एसटी. नवे बोरडोहला वळते.
ड्रायव्हर तोंड धुतो, कंडक्टर तिकिटं जुळवतो,
तेवढ्यात वानरं टपावर फिरून येतात.
नकाशात रेघ इतकी आखूड
की नंबर तिच्या बाहेर लिहावा लागलाय.

मी तेव्हा खात्यात नवा.
मोजमाप पुस्तिकेत पहिली नोंद केली:
लांबी सतरा पूर्णांक चार. पुढे पाणी.

मैलकुली फागूलाल इनवाते
दर मे महिन्यात दगड रंगवायचा,
अंग पांढरं, डोकं हिरवं, आकडा काळा.
बिल आणलं त्यानं: दगड अठरा.
म्हटलं, सतराच आहेत, फागूलाल.
"अठरावा पान्यात हाय जी.
धरन आटलं का वर येते."

गेलो त्याच्या सायकलीमागे.
डांबर संपलं. मग गिट्टी.
मग भेगाळलेला गाळ, त्यात चितळांचे खूर,
शिंपले, अर्धं जातं,
आणि खरंच, कमरेइतका एक दगड,
वाळल्या शेवाळानं खरबरीत.

काथ्यानं घासला त्यानं, घाई न करता.
ब्रश बुडवला, लिहिलं:
बोरडोह. खाली शून्य.
"नवे" लिहिलं नाही.

इथं कोण वाचणार, मी विचारलं.
त्यानं ब्रशच्या दांड्यानं
गाळातलं एक काळं खोड दाखवलं.
"थो येन. त्याच्याखाली थांबा होता.
इथूनच बसलो होतो मी, मायच्या मांडीवर,
मेडिकलले जाले. थंडी वाजून येत होती."
मग तो डब्याचं झाकण शोधू लागला.

जूनअखेर आकडा बुडाला,
जुलैत हिरवं डोकं.
बिलावर मी शेरा मारला:
रंग अर्धा लिटर जास्त. कारण, सांडला.
सात वर्षं सांडत राहिला तो रंग,
मे महिन्यातच, न चुकता.

परवा फोन आला, माझ्या जागी गेलेल्या पोराचा.
सर, इथं एक दगड जास्त भरतोय,
काय करू, कापू का?
म्हटलं, ऊन उतरू दे.
मग सायकलीमागे जा.