एका युनिटला बत्तीसशे

जिन्याखालच्या कपाटात बारा मीटर,
बारांचे बारा लाल ठिपके लुकलुकत असतात.
खाली बारीक अक्षरात लिहिलंय:
बत्तीसशे लुकलुकी म्हणजे एक युनिट.
सतरा वर्षं इथूनच स्कूटर काढतेय,
कधी वाचलं नव्हतं.

एप्रिलचं बिल आलं, मग वाचलं.

आम्ही धनकवडीत, वरच्या मजल्यावर.
पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही
भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी.
पंखा वारा देत नाही,
स्लॅबचाच उष्मा ढवळत बसतो.
हेरंब म्हणाला, एसी घेऊ, हप्त्यावर.
म्हटलं, थांब. आधी मला मोजू दे.

पायरीवर बसून मोजलं, हातात घड्याळ.
वरून हेरंब एकेक बटण दाबणार, मी खालून ओरडणार.
गीझर: सेकंदाला जवळजवळ दोन,
ठिपक्याला दम खायला सवड नाही.
जुना पंखा: मिनिटाला चार.
मग सगळं बंद. फ्रिजची पिनसुद्धा काढली.
तरी सव्वा मिनिटानं एक.
कोण आहे?
केबलचा डबा.
टीव्ही बिघडला त्याला दिवाळी होऊन गेली
आणि हा आपला कोपऱ्यात जागाच,
मालक येईल म्हणून.

चुना आणला. त्यात डिंक कालवून
गच्चीवर दोन हात दिले, गुडघे सोलवटून.
सेक्रेटरी बांदल वर आले: परवानगी घेतलीत?
म्हटलं, परवानगी मागून चुना लावणारी
मी पहिलीच असेन.
ते हसले नाहीत. पण सही केली.
दुपारी उन्हात गच्चीकडे बघवेना
आणि खाली पहिल्यांदाच
भिंतीला पाठ टेकता आली.

मोजायची चटक लागली ती लागलीच.
कचरा टाकायला गेले की उभी राहायचे
दुसऱ्यांचेही ठिपके बघत.
चार नंबरकडे रात्रभर काय चालतं कोण जाणे.
आणि सात नंबर:
पाच मिनिटं, काही नाही.
दहा मिनिटं, काही नाही.
खरं सांगते, हेवा वाटला.
बिल किती येत असेल या माणसाला!

कुलथेकाका. लक्ष्मी रोडला घड्याळं दुरुस्त करायचे.
युक्ती विचारायला गेले, वही घेऊन.
दार उघडलं ते अंधारातच.
"रस्त्यावरचा दिवा येतो की खिडकीतून,
एकट्याला कितीसा उजेड लागतो?"
फ्रिजचं दार उघडंच होतं.
आत, जिथे दूध ठेवतात तिथे,
मनगटी घड्याळं, ओळीनं, रुमालावर.
सगळी बंद.

माझ्या वहीत बचतीचा रकाना आहे.
तिथे हे लिहिता येईना.

पुढच्या आठवड्यात पंखे आणले, कमी विजेवर फिरणारे,
आमच्यासाठी दोन आणि एक जास्तीचा.
काकांना सांगितलं,
दोनावर एक फुकट होता, दुकानदाराची स्कीम.
नव्हती.
तेवढाच एक चुना मी न विचारता लावला.

मेचं बिल सहाशे बारानं कमी आलं.
पंख्यांचे पैसे वजा केले तर अजून तोट्यातच,
हेरंब कॅलक्युलेटर घेऊन सांगतो.
सांगू दे. एसीचं नाव काढत नाही ना.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली,
बाराही ठिपके एकदम विझले,
चार नंबर आणि सात नंबर एकसारखे.
संध्याकाळी आली तशी मी खाली उतरले.
सात नंबरसमोर उभी. डास चावतायत.
तीस. पस्तीस.
अडतीस.

"अगं, जिन्यातला दिवा जळतोय फुकट!"
वरून हेरंब.

जळू दे, म्हटलं, मिनिटभर.