खवले

कनू म्हणाली, सगळे सारखे नको, आत्या.
सारखे म्हणजे टिकल्यांचं पाकीट.

मी तोवर पुठ्ठ्याचा एक साचा कापूनही ठेवला होता,
चहाच्या कपाच्या बुडाएवढा,
तीनशे बारा वेळा तोच गिरवणार होते,
कारण ब्लाऊजला हूक लावणाऱ्या बाईला
सारखेपणाचेच पैसे मिळतात.

नऊ वर्षांची पोट्टी. दिवाणावर
दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून बसलेली,
जसे काही ते वेगळे असे आता लागणारच नाहीत.
"मासोळीला तरी विचारून ये," म्हणाली.

म्हणून मंगळवारी बाजार. सकाळचे आठ,
आणि डांबर चपलेला धरायला लागलेलं.
सुमित्राबाई नान्हे रोहू घासत होती,
शेपटीकडून डोक्याकडे, उलट्या हाताने;
खवले उडत होते तिच्या कोपरांवर, तराजूवर,
माझ्या ओढणीवर.
"मासोळी न्या ना बाई, टरफलं काय नेता?"
"भाचीचं शेपूट शिवायचं आहे."
ती हसली नाही.
हात पुसून एकेक खवला तिने उन्हात धरला.
"हा पोटाचा, पाय, नखाएवढा.
हा पाठीचा. अन् हा मधल्या रेघेवरचा,
याले भोक असते,
यातून पाणी समजते मासोळीले.
रिंगा दिसून राहिल्या? वर्सं हायेत थे."

मग एक निघाला, मोठाच,
पण मधोमध धुरकट, कोरा.
"याच्या जागचा पयला पडला असन.
जाळ्यात घासला, नाही तं कोनं चावलं.
हा मागून आला.
घाईघाईनं येते बाप्पा,
मंग मधातलं लिहाचं राहून जाते."

तो मी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.
ती म्हणाली, पैसे राहू द्या.

मंगल कार्यालयामागून दादाने पोतंभर बाटल्या आणल्या.
कात्री, मेणबत्ती, तापलेली दाभण.
ज्योत हलायची म्हणून कूलर बंद,
आणि गोळीबार चौकातल्या त्या खोलीत, सेहेचाळीस डिग्रीत,
आम्ही दोघी समुद्राचं काम करत बसलो.
समुद्र दोघींनीही पाहिलेला नाही.

एक संत्र्याच्या फोडीसारखा झाला,
एक कैरीच्या कोयीसारखा,
एक अगदी कनूच्या पडलेल्या दाढेसारखा, मुळासकट.
ज्योतीवर धरला की प्लास्टिक आपल्या मनाने वळतं,
आपण फक्त कधी काढायचं ते ठरवायचं.
कात्री सटकून एकाची कड फाटली.
टाकायला निघाले तर तिने हात धरला:
"चुकलेला राहू दे. तो खरा वाटतो."
रिंगा मात्र प्रत्येकावर नऊच. मोजून.
जलपरी तिच्याच वयाची.

बाबांच्या मागावरची उरलेली जर निघाली ट्रंकेत,
काळी पडलेली, पण तुटेना.
तिनेच टाचले,
खालून वर, कौलं घालतात तसे,
प्रत्येक खवल्याने आधीच्याचा टाका झाकत.

एक मी रात्री, ती झोपल्यावर केला.
मधे काहीच नाही.
कडेला दोनच रिंगा,
दुर्गहून परत आल्यानंतरच्या.
डाव्या गुडघ्याच्या मागे लावला, जिथे फार दिसत नाही.

नळ एक दिवसाआड. त्यामुळे चाचणीला एकच बादली,
तीही वहिनीने मोजून दिलेली.
दादाने तिला गव्हाच्या कट्ट्यासारखी खांद्यावर घेऊन
गच्चीवर आणली, टाकीला टेकवून बसवली.
आणि मग पाणी.
ते सरळ खाली आलंच नाही.
दाढेवरून वेगळं वाजलं, कोयीवरून वेगळं,
फाटक्या कडेपाशी थोडं अडखळलं,
आणि वहिनी, जी तीन दिवस कचरा कचरा म्हणत होती,
म्हणाली, अजून एक बादली घ्या.

कनू शेपूट आपटत, वाकून, एकेक मोजत होती.
गुडघ्यामागे बोट थांबलं.
"आत्या, याच्या मधल्या रिंगा राहिल्या."

हो, म्हटलं. राहिल्या.

तिने त्यावर ओला अंगठा फिरवला
आणि पुढचा मोजला.