दहा सेंट जास्त

डेल्फीन ब्रूसार्डने पर्समधून पावत्या काढल्या
आणि पत्ते लावावेत तशा
माझ्या काउंटरवर मांडल्या, वेळेप्रमाणे.
अंगात कसिनोच्या लाँड्रीतला निळा कोट,
बोटांना ब्लीचचा वास.

सकाळी सात दहा: पेट्रोल, वीस डॉलर.
सात चाळीस: कॉफी, दोन दहा.
दुपारी गुडघ्याचं मलम, सहा चाळीस.
मग दूध, चार.
आणि शेवटी, संध्याकाळी, घरभाडं.
पाचशे आठ.

खात्यात होते पाचशे सत्तावीस डॉलर, नव्वद सेंट.

"भाड्याला कमी पडले, कबूल.
एक दंड घ्या.
चार कसे?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला, जो वळवायचा नसतो.
रात्री आमचं यंत्र दिवस पुन्हा लावतं:
थोरली रक्कम आधी, धाकट्या मागाहून.
भाडं पुढे घुसलं.
पेट्रोलची पाळी आली तेव्हा
दहा सेंट कमी.
त्याच्यामागे मलम, दूध, कॉफी,
एकेकाच्या पाठीवर पस्तीस डॉलर.

तिने स्क्रीन वाचला. पावत्या वाचल्या. पुन्हा स्क्रीन.
"तुमच्याकडे दिवस
सकाळी सुरू होत नाही का?"

बँकेची बाजू मला पाठ होती.
भाडं परत गेलं तर घरमालक दारात येतो,
म्हणून ते आधी.
खोटं नाही.
आपल्या खात्यात किती, हे आपण बघावं.
तेही खोटं नाही.
पण दोन डॉलरच्या कॉफीवर, सोमवारच्या पगारापर्यंत,
तीन दिवसांचे पस्तीस?
हा दर चारचौघांत सांगताना
सावकाराचीही जीभ अडखळली असती.
माझी अडखळत नव्हती. मला कागद छापून दिला होता.
दुष्काळातला तेरावा महिना
लेक चार्ल्सच्या आमच्या शाखेत
दर शुक्रवारी यायचा.

वर्षातून एक दंड माफ करायची मुभा होती मला.
त्याला सौजन्य म्हणायचं, अशी सूचना.
"कुठला करू?"
सगळे सारखेच, पस्तीसचे. तरी तिने वेळ घेतला.
बोट मलमावर नेलं, उचललं,
दुधावर ठेवलं.
"हा. बाकीचं मी वापरलं.
दूध तेवढं पोरांनी प्यायलं."

मागे रांग खाकरत होती.
तिने पावत्या गोळा केल्या, त्याच क्रमाने,
आणि जाता जाता
काचेखालून एक नाणं सरकवलं.
"कमी पडलेले."
मी हाक मारेपर्यंत दार बंद झालं होतं.

संध्याकाळी गल्ला जुळेना.
दहा सेंट जास्त.
आमच्याकडे जास्त आले तरी कारण लिहावं लागतं,
छोटासा रकाना असतो, दोन शब्दांपुरता.
मॅनेजर किल्ल्या वाजवत उभा.
मी लिहिलं:
पेट्रोल. सकाळी सात दहा.