तीन फेब्रुवारी, ब्रॅडफर्ड

लाल फितीनं कात्रीसारख्या बांधलेल्या दोन मेणबत्त्या
फादर गळ्याशी धरतात. पेटवत नाहीत.
मेणाचा गारठा हनुवटीखाली.

माझ्यापुढे हॅल्स्टेड. चाळीस वर्षं लोकर विंचरली,
आता तीच छातीत घरघरते.
गिरणीत फ्लॅट झालेत,
जुन्या लोकरबाजाराच्या भिंतीला
दगडाचा बिशप ब्लेझ भिजत उभा.

म्हणतात, तो गुहेत राहायचा.
आजारी लांडगे, अस्वलं येऊन बसायची,
आपापली पाळी येईपर्यंत.
एका पोराच्या घशातला माशाचा काटा त्यानं काढला.
(माझ्या वेळी वसईत आईनं
कोरड्या भाताचा गोळा कोंबला होता.
बोईचा काटा. अजून आठवतो.)
पुढे सुभेदाराच्या माणसांनी
लोकरीच्याच फण्यांनी त्याला सोललं.

"आमची अवजारं ठाऊक असलेला हा एकच संत,"
हॅल्स्टेड मागे वळून सांगतो,
"फक्त चुकीच्या टोकाकडून."

हसतो, आणि हसू ठसक्यात अडकतं.
मी पाठ चोळते. फादर थांबतात.
रांगेत कुणीतरी छत्री झटकतं.
बऱ्याच वेळानं, काटा निघावा तसा,
एक शब्द निघतो:
"चहा."

त्याच्या वाट्याचं आमेन
मीच म्हणून टाकते.