जेवणानंतरचं मौन

आमच्याकडे जेवणाआधी एकदा मान खाली,
जेवण झाल्यावर पुन्हा एकदा.
शब्द नाहीत. बाबांनी घसा खाकरला
की प्रार्थना संपली.

त्या दुसऱ्या मौनात बेन्युएलचं पोट गुरगुरायचं.
दोन वाडगे नूडल्स, कोंबडी, वर काकवीची पाई,
आणि तरी.
अकरा भावंडांच्या बाकावर हसू दाबलं जायचं.
"ही भूक नव्हे," भांडी विसळताना आई म्हणायची,
"हाव आहे. लव्हिनाकडे बघ जरा."

मी बघण्यासारखी होते.
पावाचा एक तुकडा, त्याचीही कड सोडलेली.
मला वाटायचं, हे मी कमावलंय.

साठी उलटल्यावर विद्यापीठातली बाई आली,
गाडी गोठ्यामागे, दिसणार नाही अशी लावून.
घशाला चिकटणारं नारंगी पाणी पाजलं
आणि दर अर्ध्या तासाने रक्त,
बेन्युएलचं, माझं, बेन्युएलचं, माझं.
त्या सकाळी खेचरं जुंपायची राहिली.

तीन आठवड्यांनी कागद घेऊन परत आली.
जठरात एक रस असतो म्हणे, घ्रेलिन,
जेवणाआधी चढतो, म्हणतो ताटं मांडा,
जेवलं की उतरतो.
बेन्युएलचा उतरायचं नाव घेत नाही.
माझा मुळात चढतच नाही.
जनुकात एखादं अक्षर इकडचं तिकडे.

आमची सगळी आडनावं वंशावळीत मागे मागे जात
मोजक्या माणसांपाशी थांबतात.
त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी अंगात बसून
ते अक्षर जहाजातून आलं असेल,
बियाण्याच्या पोत्यांशेजारी, फुकटात.

आणि साखर?
साखर माझ्या रक्तात निघाली.

बाई घाईने सांगत राहिली,
अक्षरानं सगळं ठरत नाही,
धोका म्हणजे निकाल नव्हे,
पुष्कळ गोष्टी अजून कळायच्या आहेत.
बेन्युएल हसला नाही. मी असते तर हसले असते.
त्याने एवढंच विचारलं,
"म्हणजे ती भूकच होती?"
"हो."
त्याने गवती टोपी काढली,
आत बघितलं,
परत घातली.

हल्ली माझ्या डाव्या पायाच्या बोटांना
जमीन कळत नाही.
रविवारी तो सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी
न बोलता माझ्यापासून लांब सरकवतो,
स्वतःकडेही घेत नाही.

जेवण होतं. माना खाली.
त्याचं पोट गुरगुरतं, आता कुणी हसत नाही.
घसा खाकरायचं काम त्याच्याकडे आलंय.
तो मुद्दाम
जरा उशिरा खाकरतो.